अर्ध्या दयेचं पाप

स्टोट नावाचा एक प्राणी आहे. मुंगसाच्या अंगलटीचा, पण त्याहून बारीक. पाठ तांबूस, पोट पांढरट, शेपटीचं टोक काळंभोर. त्याच्या मादीबद्दलची एक गोष्ट ठाऊक असल्याशिवाय न्यूझीलंडमध्ये बाहेरून आलेले शिकारी प्राणी मारावेत की नाही, या विषयावर कुणी तोंड उघडू नये, असं माझं मत आहे. ही मादी आईच्या बिळात दूध पीत असते, तिचे डोळेही उघडलेले नसतात, तेव्हाच नर बिळात शिरतो आणि तिला फळवून जातो. तो गर्भ नऊ-दहा महिने पोटात न वाढता थांबून राहतो आणि पुढच्या वसंतात वाढीला लागतो. म्हणजे बीळ सोडून बाहेर पडणारी जवळजवळ प्रत्येक मादी गाभण असते. शिवाय स्टोटला पोहता येतं. समुद्रात किलोमीटरभर, वेळ पडली तर त्याहून जास्त. अशी एक मादी एखाद्या बेटाच्या किनाऱ्याला लागली की पुरे. नर लागत नाही. थोड्याच वर्षांत ते बेट तिच्या वंशाचं होतं.

आता तिच्यासमोर काकापो ठेवा. न्यूझीलंडचा हा पोपट हिरवा, थोराड, निशाचर आहे आणि त्याला उडता येत नाही. घरटं जमिनीवर किंवा झाडाच्या बुंध्याच्या ढोलीत. धोका जाणवला की तो पळत नाही, जागच्या जागी थिजतो. हे त्याचं भाबडेपण नव्हे. न्यूझीलंडची भूमी सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वी बाकीच्या भूखंडापासून सुटली आणि तिथं जमिनीवर चालणारा सस्तन शिकारीच राहिला नाही. सस्तन प्राणी म्हणाल तर वटवाघळं आणि किनाऱ्यावरचे सील. पक्ष्यांना भीती होती ती आभाळातून झडप घालणाऱ्या पक्ष्यांची, आणि ते डोळ्यांनी शिकार शोधतात. डोळ्यांपुढे न हलणं ही उत्तम युक्ती आहे. नाकापुढे ती आत्महत्या आहे. काकापोच्या अंगाला गोडसर, उग्र वास येतो आणि स्टोट त्या वासाच्या मागानं सरळ घरट्यात जातो.

मी वेलिंग्टनला राहते. आमच्या टेकडीच्या उतारावर सापळ्यांची एक लाइन आहे आणि दर शनिवारी सकाळी ती मी फिरते. लाकडी पेट्या, आत चाप, आमिषाला अंडं किंवा वाळवलेलं सशाचं मांस, उंदरांसाठी शेंगदाण्याचं लोणी. कधी पेटीत उंदीर असतो, कधी स्टोट, बहुतेक वेळा काहीच नाही. मेलेला प्राणी काढायचा, वहीत लिहायचा, आमिष बदलायचं, चाप पुन्हा ताणायचा. हे काम मी वर्षानुवर्षं करते आहे आणि त्याबद्दल मला अनेकदा सुनावलं गेलं आहे. आज मी उत्तर देते.

पहिलं उत्तर आमच्याच माणसांना. गणपतीच्या दिवसांत आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत एक वहिनी मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही उंदीर मारता म्हणे. अहो, बाप्पाचं वाहन ते!" भोवतीच्या चार जणी मान डोलावत होत्या. मी त्यांना रत्नागिरीकडच्या आमच्या घराची गोष्ट सांगितली. देवघरात गणपती होता आणि कोठीच्या खोलीत उंदरांचा पिंजरा होता. पहाटे पिंजऱ्यात उंदीर सापडलेला असला की आई तो पिंजरा विहिरीपाशी नेऊन पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवायची, मग हात धुऊन देवाला फुलं काढायला जायची. तिला कुणी पापी म्हटलं नाही. ती घरातलं भात वाचवत होती. तुमच्याही आयांनी हेच केलं, वहिनी. मग भातासाठी मारलेला उंदीर म्हणजे संसार आणि एका पक्ष्याची अख्खी जात वाचावी म्हणून मारलेला उंदीर म्हणजे पाप, हा हिशेब कुठल्या धर्मातला? आपल्या कणगीतल्या दाण्यापेक्षा किवीचं अंडं स्वस्त आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो. तसं वाटत असेल तर तसं स्पष्ट म्हणा. त्यावर बाप्पाची मोहर उठवू नका.

दुसरा आक्षेप जरा सुशिक्षित असतो. "निसर्गात ढवळाढवळ करू नये. निसर्ग आपला तोल आपण सांभाळतो." हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते, कारण त्या वाक्यानं किती जीव घेतलेत हे मला माहीत आहे.

स्टोट न्यूझीलंडला निसर्गानं आणला नाही. तो बोटीतून आला, सरकारच्या संमतीनं आणि पैशानं आला. गोऱ्या वसाहतवाल्यांनी आधी शिकारीच्या हौसेपायी आणि मांसासाठी ससे आणले. सशांनी मेंढ्यांची कुरणं खाऊन उजाड केली. मेंढपाळांचा धंदा बुडायला लागला तेव्हा त्यांनी सशांवर उतारा मागितला आणि १८८० च्या दशकात फेरेट, स्टोट, वीझल असे तिघे जातभाई ब्रिटनहून आणून सोडले गेले. हे होण्याआधी सांगणारे होते. केंब्रिजचे पक्षितज्ज्ञ आल्फ्रेड न्यूटन, इथले वॉल्टर बुलर यांनी बजावलं होतं की या प्राण्यांपुढे इथले न उडणारे पक्षी टिकणार नाहीत. ऐकलं कुणी? लोकरीला भाव होता, पक्ष्यांना नव्हता. ससे काही संपले नाहीत. पक्षी मात्र संपू लागले. आणि या मारेकऱ्यांवरचं कायद्याचं शेवटचं संरक्षण उठायला १९३६ साल उजाडलं.

आपल्याकडच्या मुंगसाचीही हीच गत केली गेली. कलकत्त्याहून १८७२ साली जमैकाला नऊ मुंगसं नेली, उसाच्या मळ्यातले उंदीर खायला. तिथल्यांची पिल्लं १८८३ मध्ये हवाईला गेली. कोकणातली माणसं गिरमिटावर ऊस तोडायला ज्या मॉरिशसला गेली, तिथंही पुढे मुंगूस पोचलं. उंदीर रात्रीचा, मुंगूस दिवसाचं. दोघांची गाठ फारशी पडली नाही आणि दोघांनी मिळून जमिनीवरची अंडी खाल्ली. मुंगूस दिसलं तर दिवस चांगला जातो, असं लहानपणी मला आजीनं सांगितलं होतं. ते रत्नागिरीत खरं आहे. हवाईतल्या पाणपक्ष्याला ते सांगू नका.

निसर्गाचा तोल सांभाळायला ठेवलेल्यांचं काय होतं ते बघायचं असेल तर रिचर्ड हेन्रीची हकीकत वाचा. दक्षिण बेटाच्या नैर्ऋत्येला, फियोर्डलंडच्या त्या ओल्या, दाट, निर्मनुष्य किनाऱ्यावर रेझोल्यूशन नावाचं बेट आहे. १८९४ साली त्या बेटाचा राखणदार म्हणून हेन्रीची नेमणूक झाली. मुख्य भूमीवर स्टोट पसरत होते. हेन्रीनं ठरवलं की काकापो आणि किवी पकडून या बेटावर न्यायचे. माणूस जवळजवळ एकटा. होडी वल्हवत तो खाडीपार जायचा, तोंडाला मुसकं बांधलेल्या कुत्रीच्या नाकाच्या भरवशावर पावसात जंगलात पक्षी शोधायचा, जिवंत पकडायचा, पुन्हा वल्हवत बेटावर आणून सोडायचा. एक नाही, दहा नाहीत, शेकडो पक्षी त्यानं असे नेले. १९०० साली बोटीनं आलेल्या पाहुण्यांनी त्याला सांगितलं की किनाऱ्यावर वीझलसारखं काहीतरी एका पक्ष्यामागे धावताना दिसलं. हेन्रीला ते खरं मानवेना. काही महिन्यांनी त्यानं ते स्वतः पाहिलं. पोहून आलं होतं. त्या दिवशी त्याची सगळी वर्षं पाण्यात गेली. जगात कुणीही हे काम करायच्या आधी, एका माणसानं, दोन हातांनी, ते केलं आणि हरला, कारण त्याच्याकडे होडी होती, स्टोट मारण्याचं साधन नव्हतं. पक्षी हलवून पुरत नाही, मारेकरी थांबवावा लागतो, हे त्यानं स्वतःच्या आयुष्याची किंमत देऊन दाखवलं. सव्वाशे वर्षं झाली. अजून मला लोक विचारतात, मारल्याशिवाय चालणार नाही का?

चालत नाही. याचा सर्वांत भयंकर पुरावा १९६४ चा आहे. स्टुअर्ट बेटाच्या टोकाला बिग साउथ केप नावाचं बेट आहे, माओरी नाव तौकिहेपा. तीती या समुद्रपक्ष्याची पिल्लं धरायला पिढ्यान्‌पिढ्या तिथं येणाऱ्या माओरी कुटुंबांना त्या हंगामात झोपड्यांमधून उंदीरच उंदीर दिसले. मासेमारीच्या बोटींतून जहाजी उंदीर उतरले होते. त्यांनी कळवलं. वन्यजीव खात्यातल्या ब्रायन बेल आणि डॉन मर्टन यांच्यासारख्या मोजक्या लोकांना धोका दिसत होता. पण त्या वेळच्या बड्या शास्त्रज्ञांचं मत काय होतं? उंदरांनी एवढं नुकसान होतं हे सिद्ध झालेलं नाही. घाई नको. ढवळाढवळ नको. बघू या काय होतं.

बघितलं. तिथं राहिलेला झुडपी रेन हा इवलासा पक्षी, स्टुअर्ट बेटाची पाणलाव आणि मोठं आखूडशेपटी वटवाघूळ, तीन जाती त्या बेटाच्या आधारानं जगत होत्या. तिन्ही गेल्या. रेनचे हाती लागलेले सहा पक्षी दुसऱ्या बेटावर नेले, वंश टिकला नाही. वटवाघूळ १९६७ नंतर कुणाला दिसलं नाही. चौथी जात, दक्षिणेचा तिएके, काळ्या अंगाचा आणि पाठीवर विटकरी खोगीर ठेवल्यासारखा दिसणारा पक्षी, तेवढा वाचला, कारण बेल-मर्टन मंडळींनी ३६ पक्षी पकडून शेजारच्या उंदीर नसलेल्या छोट्या बेटांवर नेले. आज जगात दक्षिणेचा जो तिएके जिवंत आहे तो त्या ३६ पैकी कुणाचा तरी वंशज आहे.

त्या समित्यांमध्ये बसलेली माणसं दुष्ट नव्हती. शहाणी, सभ्य, अभ्यासू होती. आणि त्यांच्या सभ्यपणानं तीन जाती खाल्ल्या. म्हणून "थांबून बघू" म्हणणाऱ्याच्या तोंडावरचा शांत भाव मला आता सहन होत नाही. थांबणं हीसुद्धा कृती असते. त्या कृतीत मरणाऱ्यांची किंकाळी ऐकू येत नाही, एवढाच तिचा फायदा. किवीच्या पिल्लांचं पाहा. जिथं शिकाऱ्यांना आवर घातलेला नाही, तिथं रानात जन्मलेल्या १०० पिल्लांतली सुमारे ५ मोठी होतात. बाकीच्यांतली कित्येक स्टोट खातो. सापळा न लावणाऱ्याचे हात स्वच्छ आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी ती ९५ पिल्लं कुणाच्या खात्यावर मांडायची तेही सांगावं.

आता मारण्याबद्दल. मी गोड बोलणार नाही. चांगला चाप स्टोटचं डोकं क्षणात चिरडतो; मान्यता मिळालेल्या सापळ्याला जनावर तीन मिनिटांच्या आत बेशुद्ध करावंच लागतं. पण विष तसं नाही. उंदरांसाठी वापरतात ते ब्रोडिफॅकूम रक्त गोठू देत नाही; जनावर काही दिवस आतल्या आत रक्त जाऊन मरतं. तो वाईट मृत्यू आहे. टेन-एटी नावाचं विष हेलिकॉप्टरमधून डोंगरांवर टाकतात. ते पाण्यात आणि मातीत विरून जातं, ऑस्ट्रेलियातल्या काही झाडांत तर मुळातच असतं. पण कुत्र्यानं विषारी मढं खाल्लं तर कुत्रं मरतं आणि डोंगरी पोपट किया यांनाही त्याची बाधा झाली आहे. २००८ मध्ये एका मोहिमेनंतर खूण लावलेल्या १७ कियांपैकी ७ मेल्या. हे लपवणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. त्या सात किया आमच्या माथ्यावर आहेत. त्या मेल्या म्हणून आमिष बदललं, वेळा बदलल्या, पद्धती बदलल्या, आणि बदललंच पाहिजे होतं. पण त्याच रानात विष पडलं नाही तर घरट्यात बसलेल्या किया, त्यांची अंडी, त्यांची पिल्लं स्टोटच्या तोंडी जातात, वर्षामागून वर्षं, आणि त्यांना खूण लावायला कुणी जात नाही. संसदेच्या पर्यावरण आयुक्त जॅन राइट यांनी २०११ मध्ये हा सगळा पुरावा तपासून टेन-एटी बंद करू नका, उलट जास्त वापरा, असं सांगितलं. त्या पर्यावरणाच्या शत्रू नव्हत्या.

आणि इथं मी माझ्या मुख्य तक्रारीवर येते. माझं भांडण मारू नका म्हणणाऱ्यांशी आहे, पण त्याहून मोठं भांडण आहे ते अर्धवट मारणाऱ्यांशी.

कॅम्पबेल बेट घ्या. न्यूझीलंडच्या दक्षिणेला, वादळांच्या पट्ट्यात, ११,३०० हेक्टरांचं. तिथं नॉर्वे उंदरांनी जमिनीवरचे पक्षी जवळपास पुसून टाकले होते. न उडणारं तिथलं बदक शेजारच्या एका खडकाएवढ्या बेटावर तग धरून होतं. २००१ च्या हिवाळ्यात हेलिकॉप्टरांनी १२० टन विषारी आमिष त्या बेटाच्या प्रत्येक कोपऱ्यात टाकलं. एकही फट सोडली नाही. २००३ मध्ये शोधून शोधून एकही उंदीर मिळाला नाही. बदक परत आणलं. पाणलावा आपण होऊन परतल्या. आणि उंदरांच्या बाजूनं विचार करणाऱ्यांनो, हे ऐका: त्या एका हिवाळ्यानंतर कॅम्पबेल बेटावर कुणाला उंदीर मारावा लागलेला नाही. मारणं संपलं. कायमचं.

आता आमची टेकडी घ्या, किंवा मुख्य भूमीवरची हजारो हेक्टर जंगलं घ्या. बीचच्या झाडांना काही वर्षांनी बियांचा पूर येतो. बिया खाऊन उंदीर वाढतात, उंदीर खाऊन स्टोट वाढतात, मग बिया संपतात आणि स्टोट पक्ष्यांकडे वळतात. विष टाकलं की संख्या खाली येते. शून्यावर येत नाही. दोन-तीन वर्षांत उंदीर पुन्हा तेवढेच. पुन्हा विष, पुन्हा सापळे, पुन्हा तीच वही. मी गेली कित्येक वर्षं ज्या उंदरांना मारते आहे ते आधी सुटलेल्या उंदरांची नातवंडं-पतवंडं आहेत. हे असंच चालू राहिलं तर माझ्या नंतरची बाई त्यांच्या पतवंडांना मारत बसेल. क्रौर्य म्हणतात ते याला. पैसा अर्धा, माणसं अर्धी, इच्छा अर्धी, आणि मारणं मात्र न संपणारं. उंदरांवर ज्याला खरोखर दया येते त्यानं ओरडून मागणी केली पाहिजे की एकदाच, पूर्ण, शेवटचा जीव संपेपर्यंत हे काम करा आणि थांबा. ती मागणी करणारा प्राणिमित्र मला अजून भेटायचा आहे.

होत नाही म्हणता? वेलिंग्टनचं मिरामार पाहा. ते बेट नाही, शहराला चिकटलेलं द्वीपकल्प आहे, घरं आहेत, विमानतळ आहे, हॉटेलं आहेत, कचऱ्याचे डबे आहेत. लोकांनी परसदारी पेट्या घेतल्या, गल्लीगल्लीत सापळे आणि आमिषं लागली, घुसखोरी झाली की हुडकून काढली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथून उंदीर, स्टोट आणि वीझल संपल्याचं जाहीर झालं. शहराच्या पश्चिमेच्या टेकड्यांवर हजारो सापळ्यांचं जाळं पसरल्यावर २०२२ मध्ये किवी परत सोडता आले, शंभराहून जास्त वर्षांनी. माझ्या खिडकीवरून काका जातात; हे पोपट या शहरातून नाहीसे झाले होते. शहराच्या पोटातल्या झीलँडिया अभयारण्याला १९९९ मध्ये साडेआठ किलोमीटरचं कुंपण पडलं, २००२ पासून काका आणून सोडले, आणि आज सकाळी उठवतात ते मला. त्यांचा आवाज कर्कश आहे. मला तो ऐकून दरवेळी भरून येतं.

हेच काम देशभर व्हावं म्हणून २०१६ साली तेव्हाचे पंतप्रधान जॉन की यांनी २०५० पर्यंत देशातून उंदीर, स्टोट आणि त्याचे भाऊबंद, आणि पॉसम हा बाहेरून आणलेला प्राणी संपवण्याची घोषणा केली. मी त्या दिवशी रडले होते, आनंदानं. त्यानंतर काय झालं? पैसा तुकड्यातुकड्यांनी, मुदतीवर. २०२५ च्या अर्थसंकल्पात या कामासाठी काढलेली सरकारी कंपनीच बंद केली आणि काम संवर्धन खात्याच्या गळ्यात घातलं. ज्या कामात शेवटचा एक टक्का म्हणजेच सगळं काम असतं, त्या कामात हात आखडता घेणं म्हणजे आधीचा सगळा खर्च आणि आधीचे सगळे मृत्यू मातीत घालणं. रस्ता नव्वद टक्के झाला तर नव्वद टक्के वापरता येतो. नव्वद टक्के उंदीर मेले तर दोन-तीन वर्षांत हाती शून्य उरतं. अर्थमंत्र्यांना हा हिशेब कळत नसेल तर त्यांनी एखाद्या शनिवारी कुणाच्याही लाइनवर यावं.

आणि त्या २०१६ च्या यादीत मांजर नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं की हवं होतं. पण मांजराला मतदार आहेत.

स्टीफन्स बेटावर दीपगृह बांधलं आणि मांजरं पोचली. १८९४ साली तिथला एक छोटा, जवळपास न उडणारा रेन पक्षी विज्ञानाला पहिल्यांदा कळला तो मांजरानं आणलेल्या मेलेल्या पक्ष्यांवरून. त्याला नाव मिळेपर्यंत त्याचा शेवट आला होता. ही गोष्ट एका मांजरीवर ढकलून गोंडस करून सांगतात. मांजरं अनेक होती आणि रानटी झाली होती. ते जुनं झालं म्हणाल. २०१० मध्ये रुआपेहू ज्वालामुखीच्या पायथ्याच्या जंगलात एका मांजरानं एका आठवड्यात शंभराहून जास्त आखूडशेपटी वटवाघळं मारली. या देशाच्या स्वतःच्या जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत उरलं आहे ते एवढंच, वटवाघूळ. रानटी मांजर अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारनं यादीत घेतलं. नऊ वर्षं लागली. घरातल्या मांजरांचा प्रश्न तसाच आहे. रानटी मांजर कुठून येतं हे विचारायची हिंमत कुणाला नाही. ते नसबंदी न केलेल्या घरातल्या मांजराचं पिल्लू असतं, नाहीतर सुटीच्या घराबाहेर सोडून दिलेलं असतं. कुत्र्यांनाही यातून सुटका नाही. १९८७ मध्ये वैतांगीच्या जंगलात मोकाट सुटलेल्या एकाच जर्मन शेफर्ड कुत्र्यानं खूण लावलेल्या किवींपैकी १३ मारले. सहा आठवड्यांत त्यानं एकूण पाचशेच्या आसपास किवी मारले असावेत असा अंदाज आहे. त्या कुत्र्याचा मालक कदाचित चांगला माणूस असेल. प्रत्येक मालक म्हणतो, "आमचं तसं नाही."

आमच्या गल्लीतली एक शेजारीण हेच म्हणते. तिचं मांजर देखणं, लडिवाळ आहे, मीही त्याला कुरवाळते. काकाचं पिल्लू घरट्यातून बाहेर पडतं तेव्हा त्याला लगेच उडता येत नाही. काही दिवस ते जमिनीवर, झुडपात बसून असतं आणि आईबाप वरून खायला आणून देतात. मागच्या उन्हाळ्यात असं एक पिल्लू आमच्या वाटेच्या कडेला होतं. दोन दिवस मी लांबून पाहत होते. तिसऱ्या दिवशी तिथं पिसं होती, पंखाखालची ती लालभडक पिसं, आणि वर फांदीवर आई अजून हाक मारत होती. शेजारणीचं मांजर त्या वाटेवरून घरी जाताना मी पाहिलं. तिला सांगितलं तर म्हणाली, "निसर्ग आहे तो." त्यानंतर आठवड्याभरात माझ्या लाइनवरची एक पेटी कुणीतरी उचलून ओढ्यात फेकून दिली. कुणी, ते मला ठाऊक नाही. मी ती काढली, सुकवली, परत लावली.

एक आक्षेप उरतो आणि तो मला खरोखर बोचतो, कारण तो माझ्या माणसांकडून येतो. "आपणही इथं बाहेरूनच आलो. परकं म्हणून मारायचं म्हटलं तर उद्या आपल्यालाही म्हणतील." हे मी इथं जन्मलेल्या मराठी पोरांकडून ऐकलं आहे आणि त्यांच्या डोळ्यांतली भीती खरी आहे. पोरांनो, ज्यानं तुम्हाला परकं म्हटलं त्याच्याशी भांडा, मी तुमच्याबरोबर उभी राहीन. पण स्टोटशी आपली तुलना करून घेऊ नका. स्टोटला कुणी विचारून आणलं नाही, त्याला नियम सांगता येत नाही, तो आवर घालू शकत नाही. तो जे करतो त्यात त्याचा गुन्हा नाही, आणि मी त्याचा द्वेष करत नाही. आपल्याला विचारता येतं. आपल्याला सांगता येतं की या घरात हे असं चालतं. माझ्या बापानं मला शिकवलं होतं, दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आधी चपला काढायच्या. या देशात येताना मी स्वतःशी ठरवलं की इथली झाडंपाखरं जपीन. आणि या भूमीवर आधी आलेल्या माओरींनी, ज्यांच्या होड्यांतूनही छोटा किओरे उंदीर आणि कुत्रा आला होता, ज्यांच्या काळात मोआ हा महाकाय पक्षी संपला, त्यांनी आज कित्येक बेटांवर स्वतः पुढे होऊन हे काम चालवलं आहे. बाहेरून आलेला माणूस चूक निस्तरू शकतो. त्यात आपल्याला जागा आहे. मोठी जागा आहे.

काकापो १९९५ मध्ये ५१ उरले होते. एकूण. जगात. त्यांना शिकारी नसलेल्या बेटांवर ठेवून, एकेका पक्ष्याला नाव देऊन, रात्ररात्र घरट्यांवर पहारा करून २०२२ पर्यंत ते अडीचशेच्या घरात गेले. चॅटम बेटांवरचे काळे रॉबिन १९८० मध्ये पाच होते, त्यात वंश वाढवणारी मादी एकच. मर्टन आणि त्याच्या सोबत्यांनी तिची अंडी दुसऱ्या पक्ष्यांच्या घरट्यात उबवून घेतली. आजचा प्रत्येक काळा रॉबिन त्या एका मादीचा. या माणसांची दया बघा. थंडीत, चिखलात, वर्षानुवर्षं राबलेली. तिच्यापुढे माझ्या तोंडावर "बिचारा उंदीर" म्हणून निघून जाणाऱ्यांच्या दयेला मी दया म्हणत नाही.

काकाची पिल्लं डिसेंबर ते मार्चमध्ये जमिनीवर उतरतात. मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाला मी एवढंच सांगते आहे, आणि हे विनंती म्हणून सांगत नाही: ते चार महिने मांजर घरात ठेवा. नसबंदी करा, चिप बसवा. सापळ्याची पेटी दिसली तर हात लावू नका. आणि येत्या शनिवारी मोकळा वेळ असेल तर सकाळी सात वाजता टेकडीच्या पायथ्याशी या. बूट जाड घाला, वाट ओली असते. अंडी मी आणते.